आबांच्या फोनवर मी घातलेला गोंधळ

आबांना भाकरीचा घास अडकायला लागला तेव्हा आम्ही आधी दातांना दोष दिला. कवळी सैल झाली असेल, नीट चावत नसतील. मग ज्वारीला दोष दिला. ते भाकरी दुधात कुस्करून खायला लागले, मग नुसतं दूधच. पुढं तेही अर्धा पेला पिऊन छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "जरा थांब. उतरंना खाली." कंबरेचा पट्टा दोन भोकं आत गेला तेव्हा कुठं मी शाळेतून रजा काढली आणि त्यांना सोलापूरला घेऊन गेले.

तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. तेरला आबांच्या घरी राहायचे आणि धाराशिवच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायला रोज एसटीनं जायचे. नवऱ्यापासून वेगळी होऊन आठ वर्षं झाली होती. आई त्याच्याही आधी गेली. धाकटा भाऊ पुण्यात, एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर. आबा निवृत्त पोस्टमन. तेर आणि आसपासच्या वस्त्यांवर त्यांनी उभी नोकरी सायकलीवरून टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावरही काही वर्षं म्हातारी माणसं त्यांना रस्त्यात अडवून "माझं काय आलंय का?" म्हणून विचारायची, आणि ते सायकलवरून उतरून "आज न्हाय" असं सांगायचे.

सोलापूरच्या दवाखान्यात घशातून दुर्बीण घालून तपासलं. आबा गुंगीतून बाहेर यायच्या आधी डॉक्टरांनी मला बाहेरच्या बोळात बोलावलं. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती साधी नव्हती. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण त्यांच्या मागं आणखी चार जणांचे नातेवाईक उभे होते. मी भाऊला फोन लावला. मग "आबांना सांगायचं नाही" हे कोण आधी म्हणालं ते आता आठवत नाही. बहुतेक दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं असेल. आमच्याकडं असंच करतात. आईच्या वेळीही असंच केलं होतं, आणि तेव्हा सांगू नका म्हणणारे आबाच होते.

आबांना सांगितलं, आतून जखम झालीय, अल्सर आहे, लाईटचे शेक घ्यावे लागतील. ते "बरं" म्हणाले. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी तुळजापूरपर्यंत बाहेरची द्राक्षांची रानं बघितली. फाईल मी माझ्या पिशवीत तळाशी, साडीच्या खाली ठेवली होती.

फाईल लपवता येते. मला तेवढंच ठाऊक होतं.

आबांकडं माझा जुना फोन होता. मी नवा घेतला तेव्हा तो त्यांना दिला आणि व्हिडिओ कसे बघायचे ते शिकवलं. त्यांना अक्षरं टाइप करणं जमायचं नाही, पण माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोललं की पाहिजे ते येतं हे एकदा समजल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं नाही. ते कुस्त्या बघायचे. जुन्या, नव्या, मातीतल्या, मॅटवरच्या. संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवून, चष्मा कपाळावर चढवून.

मी शाळेत मधल्या सुटीत माझ्या फोनवर त्या आजाराचं वाचायचे. काय खायला द्यायचं, रेडिएशनच्या शेकांनी काय होतं, किती दिवस. हा शेवटचा प्रश्न मी रोज वेगळ्या शब्दांत विचारायचे, जणू शब्द बदलला तर उत्तर बदलेल.

आठवडाभरात एका संध्याकाळी मी भाजी निवडत आबांजवळ बसले होते. फोनवर कुस्ती रंगात आली होती. अचानक ती थांबली आणि पांढऱ्या कोटातला एक माणूस समोर आला. "गिळायला त्रास होतोय? वजन कमी होतंय? दुर्लक्ष करू नका." आणि खाली मोठ्या अक्षरांत त्या आजाराचं नाव, कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या दवाखान्याचा पत्ता. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आबांनी कोपऱ्यातलं बटण दाबलं. कुस्ती परत सुरू झाली. "चीतपट झाला वाटतं मघाशीच," ते म्हणाले. "बघायचं राहिलं."

मी परसात जाऊन भाऊला फोन केला.

"तुझंच अकाउंट आहे ना अजून त्या फोनवर?" तो म्हणाला. "तू तुझ्या फोनवर जे शोधतेस त्याच्यावरून तिकडं जाहिराती जातायत. ते अकाउंट काढ, आबांचं नवं कर. मी सांगतो तशी सेटिंगं बदल आणि ब्लॉकर टाक. व्हिडिओच्या ॲपमध्ये ब्लॉकर चालणार नाही, त्याचे महिन्याला पैसे भरतो मी. विषय संपला, अक्का."

मी अकाउंट बदललं. बाकीचं केलं नाही. आता कुणी विचारलं की का नाही केलं, तर मला नीट उत्तर देता येत नाही. राग होता, हे खरं. जी गोष्ट मी आबांना सांगितली नव्हती, भावकीत सांगितली नव्हती, शाळेत मुख्याध्यापिकांनासुद्धा "वडिलांना बरं नसतं" एवढंच सांगितलं होतं, ती गोष्ट कुणीतरी माझ्या खिशातून काढून माझ्याच बापाच्या ओसरीवर वाचून दाखवली होती. आणि वर त्याच्याच हातात पैसे ठेवायचे?

शाळेत आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंना मी आडूनआडून विचारलं, म्हणजे आजाराचं नाव न घेता. त्या म्हणाल्या, "ब्लॉक केलं की तुम्हाला दिसायचं थांबतं. जाहिरातवाल्यांना तुमची माहिती जायची पूर्ण थांबतेच असं नाही. काही लोक वेगळं करतात. एक प्रोग्राम असतो, तो पडद्यामागं सगळ्याच जाहिरातींवर आपल्या नावानं क्लिक करत बसतो. मग आपल्याला खरं काय हवंय ते त्यांना कळतच नाही. नुसता गोंधळ."

"फोनवर चालतो तो?"

"फोनवर अवघड आहे. हातानं करावं लागेल." त्या हसल्या. "पण एवढा वेळ कुणाला असतो, मॅडम?"

वेळ मलाही नव्हता. तरी मी ते सुरू केलं.

आबा संध्याकाळी अर्धा तास बुद्धविहाराच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. फोन घरीच असायचा. तेवढ्यात मी त्यांच्या फोनवर शोधायची पट्टी उघडायचे आणि मनात येईल ते टाकायचे. कडबाकुट्टी मशीन. उस्मानाबादी शेळ्यांचं पालन. स्लॅब गळती. टक्कलावर औषध. काश्मीरची सहल, दोन माणसं. जे समोर येईल त्यावर बोट ठेवायचे. तेच सकाळच्या एसटीत माझ्या फोनवर. सुरुवातीला मजा वाटली. खोटं बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. पण चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की नुसत्या वस्तू टाकून भागत नाही. खरं वाटायला माणूस लागतो. मग मी माणसं करायला लागले. एक शेळ्या पाळणारा, ज्याला दोन बोकड विकायचे आहेत. एक बाई, जिला मुलीच्या लग्नाचं कार्यालय शोधायचंय. एक जण बंगला बांधतोय आणि त्याचं बायकोशी फरशीच्या रंगावरून जमत नाही.

दिवसभर पन्नास पोरांच्या वह्या, घरी आल्यावर आबांसाठी पातळ पेज, गाळून, थंड करून, आणि त्याच्यानंतर या सगळ्यांचे संसार. आठवड्यातून एकदा सोलापूर. मी थकले होते. कधीकधी शेळ्यांच्या खाद्याबद्दल वाचता वाचता वाटायचं, या माणसाचं बरं आहे. याला दोन बोकडांचीच काळजी आहे.

एका कडबाकुट्टी विकणाऱ्याच्या फॉर्मवर मी नंबर दिला होता, कारण दिल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं. त्याचा लातूरहून फोन यायला लागला. "ताई, जनावरं किती आहेत?" पहिल्या दिवशी मी म्हणाले, चार. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चारला मोठी मशीन लागत नाही, मी तुमचं नुकसान करणार नाही, छोटी घ्या." तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की जनावरं विकली. त्याला वाईट वाटलं. "काय अडचण आली का, ताई?" त्यानं विचारलं. एसटीत उभी होते मी, एका हातात दांडी. काय सांगणार?

तरी फरक पडला. आबांच्या फोनवर आता शेळ्या, फरशा, केसांचं तेल असं सगळं यायला लागलं. मात्र तो पांढऱ्या कोटातला माणूस काही जाईना. एक दिवस दिसायचा नाही, दुसऱ्या दिवशी दोनदा दिसायचा. त्याच्यासारखे दुसरेही यायला लागले. कुणी रस विकायचं, कुणी जडीबुटी. अकाउंट बदललं होतं, मी त्या फोनवर आजाराचा एक शब्द टाकत नव्हते. मला कळेना.

भाऊ वैतागला. "अक्का, तू त्यांच्याशी खेळतेयस आणि ते तुझ्याशी. दार लावून घे ना सरळ."

"दार लावलं तरी तो बाहेर उभा राहणारच ना?"

"उभा राहू दे. आबांना दिसला नाही म्हणजे झालं. तुला जाहिराती बंद करायच्यात का त्यांना धडा शिकवायचाय? एकदा ठरव."

मी फोन ठेवून दिला. त्याचं बरोबर आहे हे मला कळत होतं, म्हणूनच.

मग मी हट्टानं आणखी खोटा माल ओतला. त्याच सुमारास, बसमध्ये, कंटाळून, मी एक नवीन बाई केली. घटस्फोटित, वय चाळीस, नोकरी करणारी, पुनर्विवाहाला तयार. बाकीच्या माणसांना मी लांबून आणलं होतं. हिला आणायला कुठं जावं लागलं नाही. तिच्यासाठी मी बराच वेळ शोधलं, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आबांच्या फोनवरही. एवढंच लिहिते.

पंधरा दिवसांत आबांचा चेहरा बदलला. पेज पिताना कुरकुर करणं बंद झालं. नाभिकाला घरी बोलावून दाढी करून घेतली. मी शाळेला निघाले की म्हणायचे, "ती निळी साडी बरी दिसती तुला." मला वाटलं शेक लागू पडले. मी भाऊला तसं कळवलंसुद्धा. आम्ही दोघं फोनवर हसलो, बऱ्याच दिवसांनी.

एका रविवारी शाळेत दहावीच्या जादा तासाला गेले होते. दुपारी चारला घरी आले तर अंगणात एक मोटारसायकल उभी आणि दारात चपलांचे दोन अनोळखी जोड. शेजारच्या काकू आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि डोळ्यांनी खुणावलं, तोंड धू.

बाहेरच्या खोलीत आबांचे पोस्टातले जुने सोबती बसले होते, तामलवाडीचे, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या. पन्नाशीचा, केस पिकलेले, नव्या शर्टावर अजून घडीच्या रेघा. बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. माकणीच्या धरणावर नोकरी. हे सगळं आबांनीच सांगितलं, एका दमात, मध्ये न थांबता, आणि सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

मी पोहे दिले. त्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही इतिहास शिकवता म्हणे. मला शाळेत इतिहासच आवडायचा." मी "हो का" म्हणाले. त्यांनी थोडं थांबून सांगितलं की धरणावर पावसाळ्यात रात्रपाळी असते, बाकी त्रास नाही. माणूस खरं बोलत होता. आपल्याबद्दलच्या अडचणी आधी सांगत होता. मी बशीकडं बघत राहिले. थोड्या वेळानं ते उठले. दारात त्यांनी चप्पल घालताना मला म्हटलं, "तुम्हाला सांगितलेलं नव्हतं वाटतं. मला ते ठाऊक नव्हतं. माफ करा." आणि मोटारसायकल सुरू न करता ढकलत रस्त्यापर्यंत नेली.

काकू गेल्या. मी आबांसमोर उभी राहिले.

"हे काय होतं, आबा?"

"तुझ्याच मनात हाय म्हणून बोलावलं."

"माझ्या मनात? तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी फोनकडं बोट दाखवलं. "रोज येतंय. दुसरं लग्न, चाळिशीच्या बायका, दुसरा संसार. आधी कधी येत न्हवतं. तुझा भाऊच म्हणला हुता मागं, आपण जे बघतो तेच त्यात येतं. म्या तर असलं काय बघत न्हाय. म्हणलं, लेक बघत असंल. तोंडानं सांगायला लाजत असंल."

"ते खोटं होतं, आबा. मी मुद्दाम टाकत होते."

"मुद्दाम? कशापायी?"

मी बशा गोळा करायला लागले. आबा खुर्चीत जरा पुढं सरकले.

"ती दुसरी जाहिरात झाकायला व्हय?" त्यांनी विचारलं.

मी बशा खाली ठेवल्या.

"बस," ते म्हणाले. मी त्यांच्या पायाशी बसले. "लई दमलीस तू. दिसतंय मला. पर ती झाकली जाणार न्हवती. ती म्याच बोलवत हुतो."

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. बोलतानाही त्यांना मध्ये थांबावं लागायचं. "त्या दिवशी कुस्ती चालली हुती. डाव लागला, आन् मधीच तो पांढऱ्या कोटातला. 'गिळायला त्रास होतोय?' म्या मनात म्हणलं, व्हय बाबा, लई होतोय. माझ्याशीच बोलत हुता त्यो. तू शेजारी बसली हुतीस, तुझं तोंड बघितलं. मग कळलं. दुसऱ्या दिवशी तू शाळंत गेल्यावर माइकवर बोट ठेवून विचारलं, घशाखाली गाठ असली तर काय हुतं. सगळं सांगितलं त्यानं. रोज विचारायचो. किती दिवस ते पण विचारलं."

मी सांगितलं की मीही तेच विचारायचे.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी दोघं एवढं जपून खोटं बोलत हुता. मोडू वाटंना." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आन् तुझ्या आईच्या वेळंला म्याच सांगू दिलं न्हवतं. तिला ठाव हुतं का न्हाय, अजून कळत न्हाय मला. एकदा विचारायला पायजे हुतं."

मग ते तारांबद्दल बोलले. पूर्वी तार आली की पोस्टातच तिचा मजकूर कळायचा आणि गावात ती द्यायला आबांनाच जावं लागायचं. मयताची तार असली की ते दारात गेल्यावर आधी प्यायला पाणी मागायचे. तहान नसली तरी. घरातलं माणूस आत जाऊन तांब्या भरून आणायचं. तेवढ्या वेळात त्याला काहीतरी उमगायचं, की आज पोस्टमन उंबऱ्याशी बसलाय, घाईत नाही. मग तार द्यायची आणि तेच पाणी त्याला पाजायचं.

"फोनला तेवढं कळलं न्हाय," आबा म्हणाले. "दारात आला आन् मोठ्यानं वाचूनच दाखवलं."

मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढला. आमच्यात तशी सवय नव्हती. मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं. "तुझं ते खोटं टाकायचं काम मला पटलं न्हाय. खोट्या नावाचं टपाल टाकलं तरी ते कुणाच्या ना कुणाच्या दारात जातंच. त्यो बिचारा माकणीहून नवा शर्ट घालून आला. त्याला फोन कर."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी त्या गृहस्थांना फोन केला. खरं सांगितलं. जाहिराती, आबांचा आजार, मी केलेली खोटी माणसं. सांगताना मला माझंच बोलणं वेडगळ वाटत होतं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या बायकोच्या वेळी आम्हीही नाही सांगितलं. तुम्ही आता सांगितलंत, हे बरं झालं." आणि मग, थोड्या संकोचानं, "ती जी बाई तुम्ही केली होती, ती पूर्ण खोटी होती का?" मी म्हणाले, पूर्ण नाही. पण आत्ता मला काहीच जमणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे.

पुढच्या रविवारी भाऊ पुण्याहून आला. आबांनी त्यालाही समोर बसवलं. तो माझ्यापेक्षा जास्त रडला. संध्याकाळी त्यानं दोन्ही फोन घेतले, सेटिंगं बदलली, ब्लॉकर टाकला, व्हिडिओच्या ॲपचे पैसे भरले. अर्ध्या तासाचं काम होतं. त्या जाहिरातवाल्यांना आमच्याबद्दल काय काय ठाऊक झालंय ते तसंच त्यांच्याकडं राहिलं असणार. शेळ्या, बंगला, गाठ, सगळं एका पोत्यात. राहू दे. माझ्यात त्यांच्याशी भांडायची ताकद उरली नव्हती, आणि खरं म्हणजे आधीही नव्हती. लढणारा माणूस धडधाकट लागतो, घरी निवांतपणा लागतो. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्यानं दार लावून घ्यावं आणि पेज गाळावी.

शेक संपल्यावर डॉक्टरांनी पुढचं औषध सुचवलं तेव्हा आबांनी स्वतःच प्रश्न विचारले. किती फरक पडंल, किती त्रास हुईल. मी आणि भाऊ मागं उभे होतो. डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं, आम्ही मान हलवली, आणि त्यांनी सगळं खरं सांगितलं. आबा म्हणाले, "मग नगं. नळी टाका, पेज जाऊ द्या, आन् मला तेरला सोडा." तसंच केलं.

त्यानंतर ते सात महिने होते. ते महिने सोपे नव्हते, आणि ते गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. नळी टाकल्यावर थोडे दिवस बरे गेले, मग उचकी, मग रात्रंदिवस खोकला. मी शाळेत अर्ध्या पगाराची रजा टाकली. कित्येकदा त्यांच्यावर ओरडले, एकदा पेजेचा पेला आपटला. पण आम्ही बोलत होतो. आई गेल्यापासून बोललो नव्हतो एवढं. आईला काय आवडायचं, माझं लग्न ठरवताना त्यांना काय शंका आली होती आणि ते का गप्प बसले, कुणाला काय द्यायचं, विहाराला पंखा द्यायचा. "तुझ्या मनात जे असंल ते तोंडानं सांगत जा," ते म्हणायचे. "मला त्यात बघून कळायला नगं." मी सांगायचे. बऱ्याचदा सांगण्यासारखं एवढंच असायचं की आज कंबर दुखतेय.

ते एका सकाळी गेले, उजाडल्यावर, मी अंग पुसून देत असताना. भाऊ आदल्या दिवशीच आला होता.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आबांच्या मागं ठेवलेल्या वंदनेला आणि जेवणाला, आसपासच्या वस्त्यांवरची खूप माणसं आली. काहींना तर मी ओळखतही नव्हते. माकणीचे ते गृहस्थही आले होते. शेवटच्या रांगेत बसले, जेवले, जाताना भाऊला भेटले, मला लांबूनच हात जोडले. नंतर त्यांचा सहा-सात महिन्यांनी एक फोन आला होता. धरणातून पाणी सोडायचं होतं, धरणाखालच्या नदीकाठच्या ओळखीच्या लोकांना सांगा, असं म्हणाले. मी सांगितलं. त्यापुढं आमच्यात काही झालं नाही. होईल की नाही याचा मी विचार करत नाही.

आबा गेले त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत भाऊनं मला पुण्याला नेलं. पहिले चार दिवस मी नुसती झोपले. भावजय येऊन बघून जायची, पांघरूण सारखं करायची, उठवायची नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठले आणि सगळ्यांचा चहा ठेवला.